बाटली उलटी करा आणि मागचं वाचा: क्रीम, शाम्पू, सनस्क्रीनमधले घटक ओळखायला शिकताना

माझी भाची गेल्या वर्षी ऐरोलीला नोकरीला लागली. पहिल्या दोन पगारांत तिने चेहऱ्यासाठी नऊ बाटल्या घेतल्या, आणि दिवाळीत आमच्याकडे कोपरीला फराळाला आली तेव्हा दोन्ही गाल लालभडक, साधं पाणी लागलं तरी चुरचुरतंय म्हणाली. "मावशी, सगळं चांगल्या कंपनीचंच आहे गं." मी म्हटलं सगळ्या बाटल्या पिशवीत घालून घेऊन ये. आणल्या, डायनिंग टेबलवर ओळीने मांडल्या, उलट्या केल्या, आणि मागचं वाचत गेलो तर नऊपैकी चार बाटल्यांत त्वचा सोलणारं कुठलं ना कुठलं ॲसिड होतं. फेसवॉशमध्ये, टोनरमध्ये, सीरममध्ये आणि रात्रीच्या क्रीममध्ये. बिचारीला कल्पनाच नव्हती, कारण चारही बाटल्यांवर पुढून "ग्लो" असं लिहिलेलं होतं आणि तिने तेवढंच वाचलेलं.

मी रबाळे एमआयडीसीत कॉस्मेटिकच्या फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबला अकरा वर्षं काम केलंय. तिथे पहिल्या महिन्यात एक गोष्ट कळते, की बाटलीची पुढची बाजू मार्केटिंगवाले ठरवतात आणि मागची बाजू कायद्यामुळे लिहावी लागते. त्यामुळे शिकायची ती मागची बाजू. खाली जसं भाचीला शिकवलं त्याच क्रमाने लिहितेय, एका दिवसात सगळं करायला जाऊ नका, दोन-तीन रविवार घ्या.

पहिल्यांदा: घरातलं सगळं टेबलवर आणा

बाथरूम, कपाट, पर्स, सगळीकडचं. साबणाचं वेष्टन फेकलं असेल तर दुकानात जाऊन फोटो काढा. मग प्रत्येकावर हे शोधा: मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता. बाहेरून आलेलं असेल तर इम्पोर्ट करणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. यातलं काहीच नाही अशी डबी असेल तर ती बाजूला ठेवा, तिच्याबद्दल शेवटी बोलू, आणि तोपर्यंत कृपा करून लावू नका.

आता "इन्ग्रेडियंट्स" लिहिलंय ती बारीक अक्षरातली यादी. मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा, सगळे तसंच वाचतात. आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० आहेत, त्यानुसार जे घटक १ टक्क्याच्या वर आहेत ते जास्तीकडून कमीकडे या क्रमाने लिहायचे असतात, आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. एवढा एक नियम कळला की अर्धी यादी बोलायला लागते. पहिला शब्द बहुतेक वेळा ॲक्वा असतो, म्हणजे पाणी. पहिली पाच-सहा नावं म्हणजे बाटलीतला बहुतेक सगळा माल.

मग ही १ टक्क्याची रेघ यादीत कुठे पडते ते कसं कळणार? त्यासाठी लॅबमधली एक युक्ती सांगते. यादीत फिनॉक्सीइथॅनॉल शोधा. हे प्रिझर्व्हेटिव्ह आहे, क्रीम-लोशनमध्ये खूप ठिकाणी सापडतं, आणि ते जास्तीत जास्त १ टक्काच घालता येतं. म्हणजे त्याच्यानंतर जे जे लिहिलंय ते सगळं १ टक्क्याच्या आतलं. आता बघा, पुढे मोठ्या अक्षरात केशर, बदाम, मोती, आणि मागे केशराचं नाव फिनॉक्सीइथॅनॉलच्याही नंतर! ते केशर किती असेल तुम्हीच विचार करा.

पण लगेच असंही समजू नका की रेघेखालचं सगळं वाया. रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा प्रकार, सुरकुत्यांसाठी लावतात) अर्धा टक्का सुद्धा भरपूर काम करतं, हायलुरॉनिक ॲसिड तर तेवढंच घालतात कारण जास्त घातलं तर जेली होते. म्हणजे घटक कुठला, त्याला किती लागतं, हे हळूहळू माहीत करून घ्यायचं. वनस्पतींची नावं लॅटिनमध्ये असतात म्हणून घाबरायला होतं, पण कोकोस न्यूसिफेरा म्हणजे आपला नारळ, कर्क्युमा लाँगा म्हणजे हळद, अझाडिराक्टा इंडिका म्हणजे कडुलिंब, एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस आवळा, एलियम सेपा कांदा. कांद्याचं तेल घेताना एलियम सेपा कितव्या नंबरवर आहे ते बघा आणि पहिल्या नंबरवर कुठलं तेल आहे ते बघा. पैसे तुम्ही त्या पहिल्या नंबरचे देताय.

धुण्याच्या वस्तू: साबण, फेसवॉश, शाम्पू

साबण असो की शाम्पू, मुख्य काम करतो तो सर्फॅक्टंट. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. असे पुष्कळ रेणू तेलाच्या थेंबाभोवती गोळा होतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर, त्या गोळ्याला मायसेल म्हणतात आणि तो पाण्याबरोबर वाहून जातो. अडचण एवढीच की त्याला मळाचं तेल कुठलं आणि त्वचेचं स्वतःचं स्निग्ध कुठलं हे कळत नाही, दोन्ही उचलतो. म्हणून सर्फॅक्टंट किती कडक हे बघायचं.

सोडियम लॉरिल सल्फेट सगळ्यात कडक. त्याचाच भाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट, नाव जवळजवळ सारखं पण बराच सौम्य, बहुतेक शाम्पूत हाच असतो. कोकामिडोप्रोपिल बिटेन जोडीला असेल तर चांगलं, तो कडकपणा कमी करतो. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, कोको ग्लुकोसाइड ही सौम्य मंडळी. "सल्फेटने कॅन्सर होतो" हा मेसेज फॅमिली ग्रुपवर दर सहा महिन्यांनी येतो, त्याला आधार नाही. कोरडं होतं, चुरचुरतं, एवढं मात्र खरं.

साबणाच्या वेष्टनावर टीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात फॅटी मॅटर किती. ७६ टक्के किंवा वर असेल तर ग्रेड १, ७० ला ग्रेड २, ६० ला ग्रेड ३. आणि ज्यावर "टॉयलेट सोप" च्या ऐवजी "बेदिंग बार" लिहिलंय त्यात याहून कमी चालतं. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. टीएफएम कितीही चांगला असला तरी खरा साबण हा अल्कलीच असतो, पीएच ९ ते १० (पीएच ७ च्या वर म्हणजे अल्कली, खाली म्हणजे आम्ल). आपल्या त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी, साधारण ५ च्या आसपास. त्यामुळे अंगाला ठीक, पण चेहरा ताणल्यासारखा होत असेल तर सिंडेट बार (खऱ्या साबणाऐवजी सौम्य सर्फॅक्टंटची वडी) किंवा सौम्य फेसवॉश घ्या. ग्रेड १ चा साबण घेतला म्हणून तो ताण जाणार नाही.

आता पाण्याचं. हे आपल्या भागात मी मुद्दाम सांगते. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्यात भातसा वगैरे धरणांचं, ते बऱ्यापैकी मऊ. पण घोडबंदर रोडला वाघबीळ, कासारवडवलीकडे ज्यांच्या सोसायटीत टँकर येतात त्यांनी लक्ष द्या, टँकरमध्ये बऱ्याचदा बोअरवेलचं पाणी असतं आणि ते जड असू शकतं. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाला चिकटतं आणि पांढरट साय तयार होते, तीच बादलीला दिसते आणि तीच केसांवर बसते. लोक म्हणतात इथे राहायला आल्यापासून केस खराट्यासारखे झाले, आणि शाम्पूवर शाम्पू बदलत बसतात. आधी पाणी तपासा ना. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश पाणी घ्या, साध्या साबणाची किसलेली पूड थोडी टाका (शाम्पू नको, डिटर्जंट नको), जोरात हलवा. वर भरपूर फेस आणि खाली पाणी स्वच्छ, तर मऊ. फेस नाहीच आणि पाणी दुधासारखं गढूळ, तर जड. जड असेल तर केसांना साबण बिलकूल नको, आणि शाम्पूच्या यादीत डायसोडियम ईडीटीए किंवा टेट्रासोडियम ईडीटीए आहे का बघा, ते कॅल्शियमला पकडून ठेवतं.

मॉइश्चरायझर

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. मेलेल्या सपाट पेशी या विटा, आणि मधलं सिमेंट म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. सिमेंट निघालं की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं काहीही आत जाऊन चुरचुरतं. भाचीचं नेमकं हेच झालं होतं.

यादीत तीन प्रकारची नावं शोधायची. पाणी धरून ठेवणारी: ग्लिसरीन, युरिया, सोडियम हायलुरोनेट. फटी भरून मऊ करणारी: सेरामाइड, स्क्वालेन, तेलं, सेटिअरिल अल्कोहोल (यातलं अल्कोहोल वाचून घाबरू नका, हे मेणासारखं असतं, कोरडं करणारं ते अल्कोहोल डेनॅट वेगळं). आणि वरून झाकण घालणारी: पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन, मिनरल ऑइल. पेट्रोलियम जेलीसारखं झाकण दुसरं नाही, त्वचेतून उडणारं पाणी ती ९८ टक्क्यांपर्यंत अडवते, आणि ती आजही किराणा दुकानात मिळते. महाग क्रीमच्या आधी मी प्रत्येकाला ग्लिसरीनवालं साधं लोशन सांगते.

आपल्याकडची हवा दमट, मग मॉइश्चरायझर कशाला, असं विचारतात. ऐरोली, महापे, घणसोलीच्या ऑफिसात नऊ-नऊ तास एसीत बसणाऱ्यांनी संध्याकाळी स्वतःच्या हाताची पाठ बघावी. जेल टाइपचं हलकं घ्या, पण घ्या. मे महिन्यात घरीच असाल आणि त्वचा तेलकट असेल तर नाही लावलं तरी बिघडत नाही.

कोलॅजन क्रीमबद्दल एवढंच, की साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू त्वचेच्या भिंतीतून आत जाणं फार अवघड असतं, आणि कोलॅजनचा रेणू जवळजवळ ३ लाख डाल्टनचा. तो वर बसून ओलावा धरेल, म्हणजे जे काम ग्लिसरीन करतं ते. तुमच्या त्वचेतल्या कोलॅजनमध्ये त्याची भर पडत नाही.

सनस्क्रीन, आणि ते किती लावायचं

एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर ही घ्या. एसपीएफ हा मुख्यतः यूव्हीबीसाठी, म्हणजे भाजणाऱ्या किरणांसाठी. १५ एसपीएफ साधारण ९३ टक्के अडवतं, ३० वालं ९७, ५० वालं ९८. म्हणजे ३० आणि ५० मध्ये बाटलीवर दिसतो तेवढा फरक नाही. काळपटपणा आणि सुरकुत्या आणतात ते यूव्हीए किरण, त्यांच्यासाठी बाटलीवर पीए आणि पुढचे अधिक चिन्हं बघा, तीन किंवा चार असावीत. यूव्हीए काचेतूनही येतं, त्यामुळे बसच्या खिडकीशी बसणाऱ्यांनी आणि कारने पाम बीच रोडवरून जाणाऱ्यांनी "मी तर उन्हात जातच नाही" असं म्हणू नये.

पण खरी चूक प्रमाणात होते. लॅबमध्ये एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात. घरी लोक वाटाण्याएवढं घेतात, चेहराभर पसरतात आणि ५० एसपीएफ लावलं म्हणतात, त्यांना मिळतं त्याच्या कितीतरी कमी. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हीवर बुडापासून टोकापर्यंत पट्टा काढा, तेवढं चेहरा-मान-कान मिळून. पांढरं दिसतं, चिकट वाटतं म्हणून कमी लावलं जातं हे मला माहितीये, म्हणून दुकानात टेस्टर मिळाला तर दोन बोटांचंच लावून बघा आणि जे तेवढं लावून सहन होईल ते घ्या, मग ते ३० एसपीएफचं का असेना.

झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड यादीत असेल तर मिनरल प्रकार, नाजूक त्वचेला बरा. वांग असतील तर टिंटेड बघा, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं, कारण आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही डाग गडद होतात आणि साधं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही.

ॲक्टिव्ह घटक: एका वेळी एकच

ॲक्टिव्ह म्हणजे डाग, मुरूम अशा ठरावीक तक्रारीवर काम करणारे घटक. इथे नवीन माणूस घाई करतो. नियम असा, की महिन्याला एकच नवीन वस्तू. आणि ती चेहऱ्यावर जाण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लावून बघायची. लाल झालं, खाज आली, तर चेहऱ्याला लावायचंच नाही. धुवायची वस्तू असेल तर नेहमी जेवढा वेळ ठेवता तेवढाच वेळ ठेवून धुवा.

नायसिनामाइड, २ ते ५ टक्के, सुरुवातीला मला सगळ्यात आवडतं. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशीकडून वरच्या पेशींकडे रंगाची पुडी जाते, ती वाटेत अडवतं, आणि भिंतीचं सिमेंटही वाढवतं. १० टक्केवालं घेतलं म्हणून दुप्पट काम होत नाही, चुरचुर मात्र वाढू शकते. सॅलिसिलिक ॲसिड, २ टक्क्यांपर्यंत, हे तेलात विरघळतं म्हणून रोमछिद्रात शिरतं, मुरूम आणि काळ्या बारीक ठिपक्यांना. ग्लायकॉलिक, लॅक्टिक ही पाण्यात विरघळणारी, वरचा थर सोलतात, त्यातलं लॅक्टिक सौम्य. आठवड्यातून दोनदा पुरे, आणि यातलं कुठलंही एकच.

व्हिटॅमिन सी म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड हे फार नाजूक प्रकरण. काम करायला पीएच ३.५ च्या खाली लागतो, १० ते २० टक्के लागतं, आणि हवा-उजेड-उष्णता लागली की बिघडतं. पिवळट होतं, मग तपकिरी. तपकिरी झालेलं टाकून द्या, पाचशे रुपयांचं होतं म्हणून संपवत बसू नका. गडद किंवा बंद पंपाच्या बाटलीतलं, छोटं घ्या, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये फ्रिजमध्ये ठेवा.

रेटिनॉल रात्रीच, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा सुरू करा, कोरडेपणा येतो तो पहिल्या काही आठवड्यांत. गरोदर असाल, किंवा बाळाचा विचार चालू असेल, तर रेटिनॉल आणि त्याच्या जातीचं कुठलंच द्रव्य (रेटिनॉइड) नको. हे मी दुकानात उभ्या असलेल्या अनोळखी मुलींनाही सांगते, त्यांना राग आला तरी.

आणि लिंबू. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाऊ नका, त्यातल्या फ्युरोकुमरिन नावाच्या द्रव्यांवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. नैसर्गिक आहे म्हणून सौम्य असतं असं नाही, लिंबाचा पीएच २ च्या आसपास आहे.

"केमिकल फ्री" आणि प्रिझर्व्हेटिव्ह

हे माझं रोजचं काम होतं म्हणून थोडं जास्त बोलते. पाणी हेसुद्धा केमिकलच, त्यामुळे केमिकल फ्री असं काही नसतंच. लोकांना खरं म्हणायचं असतं प्रिझर्व्हेटिव्ह नको. आम्ही लॅबमध्ये क्रीमचे नमुने प्लेटवर पसरून उबवायला ठेवायचो, आणि ज्यात प्रिझर्व्हेटिव्ह कमी पडलेलं असायचं त्या प्लेटवर तीन दिवसांत हिरवट-काळी बुरशी आणि जीवाणूंचे चिकट ठिपके. नाकाला वास येत नसतो, डोळ्यांना दिसत नसतं, क्रीम पांढरंशुभ्र असतं! तेच डोळ्याखाली लावलं किंवा मुरूम फुटलेल्या जागी लावलं तर काय होईल? जिथे पाणी आहे तिथे प्रिझर्व्हेटिव्ह हवंच. नुसतं तेल, नुसतं बाम, ज्यात पाणी नाही, त्यात नसलं तरी चालतं, म्हणून खोबरेल टिकतं.

पॅराबेन नावाच्या प्रिझर्व्हेटिव्हची भीती पसरली, कंपन्यांनी ते काढून काही ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घातलं, आणि त्याची ॲलर्जी इतकी वाढली की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्यालाच वर्षाचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारं द्रव्य, जाहीर केलं. त्याच सोसायटीने २०१९ ला पॅराबेनला "नॉन-ॲलर्जन" म्हटलं, म्हणजे ॲलर्जी अगदी कमी करणारं. तर "पॅराबेन फ्री" वाचून खूश होण्याआधी त्याच्या जागी काय घातलंय ते बघा. न धुता ठेवायच्या क्रीममध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन दिसलं तर मी घेत नाही.

बाल्कनीतल्या कोरफडीचा गर लावायचा तर ताजा कापा, लावा, उरलेला टाका. मिक्सरमधून काढून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवू नका.

आणि परफ्यूम किंवा पार्फम हा एक शब्द, त्याच्या आत कितीतरी द्रव्यं. त्वचा नाजूक असेल तर "फ्रॅग्रन्स फ्री" शोधा. "अनसेंटेड" वेगळं, त्यात वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो.

केस

डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्याला पोषण देता येत नाही, झीज थांबवता येते. त्या बाबतीत आजीचं खोबरेल खरंच सरस निघालं. मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापली, केसांतून धुताना जाणारं प्रोटीन फक्त खोबरेलाने स्पष्ट कमी झालं. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनही कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलात लॉरिक ॲसिड जास्त, त्याची साखळी सरळ आणि छोटी, म्हणून ते केसाच्या आत शिरतं, बाकीची वर राहतात. आत शिरलं की केस पाणी कमी पितो आणि कमी फुगतो. म्हणून धुण्याच्या आधी लावायचं, केसांच्या लांबीला. रात्रभर ठेवायलाच हवं असं नाही.

पण कोंडा असेल तर टाळूवर तेल थापू नका. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते, ती तेलातल्या फॅटी ॲसिडवरच जगते, आणि आपल्या जून-जुलैच्या दमट हवेत तिची चैन होते. किटोकोनाझोल २ टक्के किंवा झिंक पायरिथिओन १ टक्का असलेला शाम्पू घ्या, टाळूला लावून तीन ते पाच मिनिटं ठेवा आणि मग धुवा. "शाम्पूने काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्या दहांपैकी आठ जणांना मी विचारते किती वेळ ठेवला, तर लगेच धुतला म्हणतात.

कंडिशनरमध्ये बिहेनट्रायमोनियम क्लोराइड, सेट्रिमोनियम क्लोराइड अशी नावं दिसतील. खराब झालेल्या केसावर ऋण भार जास्त असतो, या रेणूंवर धन भार, त्यामुळे जिथे केस जास्त झिजलाय तिथेच ते जास्त चिकटतात, किती हुशार रचना आहे! टाळूला नको, कानाखालच्या लांबीला लावा. डायमेथिकोनसारखी सिलिकोन वाईट नाहीत, केसावर पातळ आवरण देतात, चिकट वाटायला लागलं तर एखादा वॉश जरा कडक शाम्पूने करा.

मेंदी आणि डाय यांतला फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. मेंदीतलं रंगद्रव्य लॉसोन, त्याचा रंग केशरी-लाल, शुद्ध मेंदीने केस काळे होत नाहीत. "काळी मेंदी" म्हणून जे पाकीट मिळतं त्यात बऱ्याचदा पीपीडी असतं, म्हणजे पॅराफिनिलीनडायअमिन, डायमध्ये असतं तेच. ज्यांना याची ॲलर्जी होते त्यांची टाळू, पापण्या सुजतात, डोळे उघडत नाहीत, आणि ही ॲलर्जी एकदा लागली की सहसा आयुष्यभर राहते. कानामागे किंवा कोपरात थोडं लावून ४८ तास थांबायचं, दर वेळी, दहा वर्षं तोच डाय वापरत असाल तरीही. लहान मुलींच्या हातावर जत्रेत काळ्या मेंदीचं नक्षीकाम तर अजिबात करू देऊ नका.

बाजूला ठेवलेल्या डब्या

आता त्या डब्या ज्यांच्यावर नीट लेबल नव्हतं, आणि त्यांच्याबरोबर औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोरं करणाऱ्या ट्यूबसुद्धा.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींनी पार्लरवालीने दिलेली ट्यूब दोन वर्षं लावली. पहिल्या महिन्यात चेहरा असा उजळला की सगळ्यांनी विचारलं काय लावता. दोन वर्षांनी गालांवर लाल केशवाहिन्या, हनुवटीवर लव, आणि ट्यूब एक दिवस थांबवली की आग आग. ट्यूबवर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन अशी तीन नावं होती. हायड्रोक्विनोन रंग फिका करतं, ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड, आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन हीसुद्धा स्टेरॉइडच. डॉक्टरांच्या हातात ही चांगली औषधं आहेत, पण स्वतःच्या मनाने चेहऱ्याला रोज लावायची वस्तू नाही. २०१८ मध्ये सरकारने असल्या स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये घातल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत, तरी काउंटरवर मागितली की मिळते हे मी स्वतः बघितलंय. लावत असाल तर आज रात्री एकदम बंदही करू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ती हळूहळू कशी सोडायची ते तेच सांगतील.

बिनलेबलच्या डबीत भीती पाऱ्याची. पारा मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, बनवणारं एन्झाइम बंद पाडतो, म्हणून चेहरा खरंच गोरा दिसतो, आणि म्हणूनच बायका ती डबी एकमेकींना देतात. तो कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना २०२१ ते २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या गाळणीचा एक आजार २२ जणांत सापडला, त्यातले १५ जण एका खास दुर्मीळ प्रकारचे, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारं क्रीम लावत होते. आपल्या नियमांत डोळ्यांजवळची प्रसाधनं सोडली तर पारा चुकूनसुद्धा १ पीपीएमच्या वर चालत नाही, म्हणजे दहा लाखांत एक भाग. आणि ज्याने पारा घातलाय तो मागे पारा लिहिणार नाही, त्यामुळे इथे यादी वाचून उपयोग नाही, डबीवर लायसन्स नंबर नसेल तर ती वापरायचीच नाही. मूल मांडीवर घेणाऱ्या आईने तर नाहीच, टॉवेल-उशीतून मुलालाही लागतो. पाय सुजणं, लघवीला सारखा फेस येणं असं काही असेल तर डॉक्टरांना क्रीमबद्दल स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. आणि अशी डबी कुठे विकली जाताना दिसली तर अन्न व औषध प्रशासनाचं ऑफिस ठाण्यात आहे, तिथे कळवा.

भाचीच्या नऊ बाटल्यांपैकी सहा बंद केल्या. दोन महिने फक्त सौम्य फेसवॉश, सेरामाइडचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. चुरचुर तिसऱ्या आठवड्यात थांबली, लाली जायला दीड महिना लागला, मग नायसिनामाइड सुरू केलं. तुमचंही दोन-तीन आठवड्यांत शांत झालं नाही तर डॉक्टर गाठा. पैशाची अडचण असेल तर कळव्याच्या महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात स्किनची ओपीडी कुठल्या वारी असते ते विचारून जा. आणि जाताना सगळ्या बाटल्या, ट्यूब, त्यांची खोकी पिशवीत घालून न्या, नुसते फोटो नकोत, कारण डॉक्टरांना पॅच टेस्ट (वस्तू त्वचेवर थोडी लावून ॲलर्जी बघणं) करायची वेळ आली तर मूळ वस्तूच लागते.